भिंती उभ्या करणारी

मला नटी व्हायचं होतं. देवगाव रंगारीच्या शाळेत लागोपाठ तीन गॅदरिंगला मी राणी झाले होते आणि गावातले लोक वर्षभर मला तशीच हाक मारायचे. "काय राणीसरकार, दळण घेऊन निघालात व्हय?" त्या कौतुकाच्या जोरावर मी बारावीनंतर औरंगाबादला आले, नाट्यशास्त्र विभागात नाव घातलं, आणि पहिल्याच महिन्यात मला कळून चुकलं की माझा आवाज चौथ्या रांगेच्या पुढं जात नाही.

आमचे सर चांगले होते. त्यांनी ते तोंडावर सांगितलं नाही, शेजारणीची भूमिका दिली. वाक्यं दोन. "वहिनी, दूध उतू जातंय" आणि "बरं, मी नंतर येते." ही दोन वाक्यं मी होस्टेलच्या गच्चीवर इतक्या वेळा म्हटली की शेजारच्या खोलीतली मुलगी दूध तापवायलाच घाबरायला लागली.

त्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायक बापाशी भांडून घर सोडतो आणि जाताना दार आपटतो. थिएटरमधली पहिली तालीम होती. नायकानं दार आपटलं, तर सगळी भिंत थरथरली. भिंतीवरचं घड्याळ लंबकासारखं हलायला लागलं. समोर बसलेली सीनियर मंडळी खो खो हसली. पुढच्या खेपेला नायकानं दार जपून लावलं, तर सर ओरडले, "अरे, घर सोडून चाललायस तू, देवळातून निघाला नाहीस!"

मी विंगेत उभी होते, माझ्या दुधाची वाट बघत. सगळे नायकाच्या हाताकडं बघत होते. मी भिंतीच्या पाठीकडं बघत होते, कारण मी सुताराची मुलगी आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावात दारं, चौकटी, खाटा-बाजा करायचे आणि त्यांच्या मापाच्या दोरीचं दुसरं टोक धरण्यात माझं लहानपण गेलं होतं. त्या भिंतीला मागून एकच सरळ टेकू होता, सुतळीनं बांधलेला, आणि त्याच्या पायावर एक वीट.

मी म्हटलं, "सर, दाराचा दोष नाही. मागचा टेकू चुकलाय."

सरांना मी बोलले हेच आधी कळलं नाही. तेवढा माझा आवाज. पण चाचांना कळलं. चाचा म्हणजे आमच्या विभागाची नाटकं उभी करणारे कारागीर. शहागंजला राहायचे, पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. ते हातोडी घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बोल बेटा, किधर लगाना?"

मी दाखवलं. बिजागरीच्या बाजूनं तिरपी पट्टी, वरून खाली, जमिनीशी त्रिकोण होईल अशी. आणि चौकटीचा पाय फळीला स्क्रूनं धरायचा. अर्धा तास लागला. मग नायकानं सगळा जीव काढून दार आपटलं. आवाज असा झाला की मागच्या रांगेतली एक मुलगी दचकून उठली. भिंत जागची हलली नाही. घड्याळसुद्धा नाही.

सरांनी जवळ येऊन भिंत ढकलून बघितली. मग म्हणाले, "तुझे दोन संवाद मी दुसऱ्या कुणाला तरी देतो. तू मागंच राहा."

मला रडू आलं. त्यांना वाटलं अपमान झाला म्हणून. होताही. पण त्यातला थोडा भाग वेगळाच होता. दार आपटल्याचा तो आवाज मला अजून हातात जाणवत होता. माझा आवाज चौथ्या रांगेपुढं जात नव्हता, आणि हा शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता.

घरी सांगायला मी दिवाळीपर्यंत थांबले. अण्णा ओट्यावर बसून लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत होते. मी सांगितलं की मी आता नाटकात काम करत नाही, नाटकाची घरं बांधते. लाकडाची, कापडाची. हातोडी, करवत, काटकोन बघायचा गुण्या, सगळं शिकतेय.

त्यांनी दगड खाली ठेवला. "रंधाच धरायचा व्हता तर मी घरीच नसता का शिकविला? ह्या कामानं माझ्या हाताचं काय झालं ते दिसतंय ना तुला? तुझ्या हाताला हे लागू नाय म्हणून तर शिकायला धाडलं."

आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं सुतारकी केल्याली कुणी बघितली का?"

सुट्टी संपवून मी परत आले आणि चाचांच्या हाताखाली उभी राहिले.

चाचांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. घर असं बांधायचं की टेम्पोत मावलं पाहिजे आणि पाऊण तासात उभं राहिलं पाहिजे. प्रत्येक पट्टीच्या मागं खूण करायची, म्हणजे परगावच्या थिएटरात शोधाशोध नको. अंधारात पाऊल टाकताना आधी बोटं, मग टाच. आणि आवाज करायचा नाही. एकदा प्रयोग चालू असताना माझ्या हातून पाना पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रत्येक हत्याराला दोरी बांधून मनगटात अडकवायला लावली आणि तसंच महिनाभर काम करायला लावलं. "लोगां नाटक देखने आते," ते म्हणायचे, "तेरेकू देखने नहीं आते. तू दिखी तो समझ, काम बिगड्या."

एम.ए. झालं तशी बरोबरीची मुलं मुंबईला गेली. कुणी मालिकेत लागलं, कुणी परत आलं. मी गेले नाही. मला शहरात काम दिसत होतं, फक्त ते नाटकाच्या नावाखाली नव्हतं. शाळांच्या गॅदरिंगचे किल्ले मी केले. चिकलठाण्यातल्या प्रदर्शनांचे स्टॉल केले. लग्नात नवरा-नवरीच्या मागं लागणारे महाल केले, आणि एका हौशी वधूपित्यासाठी अख्खी वेरूळची लेणी थर्माकोलमध्ये कोरली. हसायला येतं, पण त्या लेण्यांनी मला शिकवलं की लांबून दगड वाटायचा असेल तर रंग किती थरांत द्यावा लागतो. ते पुढं सात नाटकांत कामाला आलं.

बिडकीनच्या अलीकडं मी पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. तिकडच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं यायची, ती पाइनच्या मोठाल्या खोक्यांत. यंत्र काढलं की खोकी पडून राहायची. मी एका कारखान्याच्या स्टोअरकीपरला भेटून ती उचलायची परवानगी मिळवली. पाइन हलकं, सरळ, खिळा नीट धरणारं. माझ्या पहिल्या स्वतंत्र नाटकातला दिवाणखाना त्या खोक्यांचा होता. पडद्यामागून बघितलं तर भिंतीच्या पाठीवर उलट्यासुलट्या अक्षरांत कुठल्या तरी दूरच्या बंदराचं नाव दिसायचं.

लोकांना सवय व्हायला वेळ लागला. लातूरला आम्ही प्रयोगाला गेलो, तर थिएटरचा माणूस मला म्हणाला, "ताई, कपडेपट तिकडं आहे." मी म्हटलं, "दादा, मला वरच्या पाइपाला घोडा लावायचाय." तो माझ्याकडं बघत राहिला आणि मी घोड्यावर चढले. आमच्या भागात शिडीला घोडा म्हणतात, आणि त्यावर चढलेल्या बाईला काय म्हणावं हे तेव्हा कुणाला सुचत नसावं. एका मंडप कंत्राटदारानं तर सरळ सांगितलं, "माझे लोक बाईच्या हाताखाली काम करणार नाहीत." मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या लोकांच्या शेजारी काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच सगळ्यात जुना माणूस माप घेऊन माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मॅडम, हे गुण्यात बसायलंय का बघा जरा." मी बघितलं. बसत नव्हतं. पुढं तो माणूस माझ्याकडंच कामाला लागला, आणि अजून आहे.

मग कोरोना आला आणि सगळं बंद पडलं. थिएटरं बंद, लग्नं बंद, शाळा बंद. शेडला कुलूप लावून मी देवगावला गेले. दोन-तीन दिवस नुसती बसून राहिले. चौथ्या दिवशी अण्णा एक चौकट जोडत होते आणि दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. मी जाऊन धरलं. त्यांनी बघितलं आणि पुढची पट्टी उचलली. चौकट उभी करताना मी पटाशी घेतली आणि एक सांधा बसवला. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"हे कुणी शिकविलं?"

"चाचांनी."

"वस्ताद हाय," ते म्हणाले. एवढंच. पण दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी माझ्यासाठी वेगळा रंधा काढून ठेवला. ते महिने आम्ही बाप-लेकीनं एकत्र काम केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी मला नाटकाबद्दल विचारलं. भिंती कापडाच्या तर पावसाचं काय? घर सारखं मोडून बांधायचं तर सांधे ढिले नाय होत? मी सांगायची. त्यांना ते घर टिकत नाही ही गोष्ट काही पटायची नाही.

थिएटरं उघडली तसा आमच्या जुन्या सरांचा फोन आला. नवं नाटक होतं, स्पर्धेसाठी. एका बाईची गोष्ट. ती स्वयंपाकघरातून निघते, अंगणात येते, तिथून बसस्टँडवर, आणि परत. "मला काळोख नकोय," सर म्हणाले. "मधे पडदा नको, सामान उचलणारी माणसं नकोत. ती चालत राहील आणि जागा बदलत राहील. होईल?"

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि मग कुठं लक्षात आलं, मी काय कबूल केलं ते. म्हणजे रंगमंच फिरता हवा, आणि तोही टेम्पोत मावणारा. तसला मी आयुष्यात केला नव्हता. चाचांनीही केला नव्हता.

मी देवगावातच आठवडाभर कागदावर गोल काढत बसले. खाली चाकं लावावीत तर सगळा मंच मधल्या एका बिंदूवर तोलून फिरवायचा, आणि तो सांधा मला जमत नव्हता. एका सकाळी अण्णा मला हाताला धरून रस्त्यावर घेऊन गेले. उसाचे ट्रॅक्टर चालले होते, मागं चार चाकांच्या ट्रॉल्या. वळणावर ट्रॉलीची पुढची चाकं वळत होती आणि वरचा सगळा उसाचा डोंगर शांत बसला होता.

"त्या दांडीच्या वर बघ," अण्णा म्हणाले. "गोल चकती हाय. सगळ्या उसाच्या वजनाखाली ती फिरती. तुझं नाटक उसापेक्षा जड हाय का?"

मी रस्त्याच्या कडेलाच बसून धुळीत ती चकती काढायला लागले.

भंगारात तशी चकती मिळाली, मोडलेल्या ट्रॉलीची. अण्णा स्वतः ती घेऊन बिडकीनला आले आणि परत गेलेच नाहीत. चकतीभोवती आम्ही पंधरा फुटांचा गोल बांधला, कलिंगडाच्या फोडींसारखे आठ तुकडे, एकमेकांत अडकणारे. कडेला छोटी चाकं. वर तीन जागा, पाठीला पाठ लावून. पहिल्यांदा ढकललं तेव्हा तो फिरला. आम्ही सगळे ओरडलो. फक्त चाचा ओरडले नाहीत.

"घुमता तो अच्छा है," ते म्हणाले. "पर रेलगाडी आयी क्या ऐसा लगता."

खरंच, चाकांचा घरघराट होता. मग दोन म्हाताऱ्यांची जुंपली. अण्णांचं म्हणणं, लाकडाला तेल पाजा. चाचांचं म्हणणं, तेल नक्को, रबर लगाव. अण्णा म्हणाले, रबर घासून जातंय. चाचा म्हणाले, तेल पे नटी फिसली तो तुम पकडते क्या? दोघंही माझ्याकडं वळले. एकीकडं बाप, एकीकडं गुरू. मी म्हटलं, दोन्ही करून बघू.

चाचा शेडच्या पार टोकाला खुर्ची टाकून डोळे मिटून बसले. अण्णांनी मंच ढकलला. तेल लावून ढकलला, तर चाचा म्हणाले, "सुनाई देता." सायकलची ट्यूब कापून चाकांना चढवली, "थोडा सुनाई देता." मग जमिनीवर चाकांच्या वाटेवर ट्रकच्या टायरच्या पट्ट्या अंथरल्या आणि फक्त मधल्या चकतीला ग्रीस दिलं. अण्णांनी ढकललं, मंच दोन जागा पुढं नेला आणि घाम पुसत उभे राहिले.

चाचा डोळे मिटूनच बसले होते. "अरे, घुमाव ना," ते म्हणाले.

"फिरविला की!" अण्णा म्हणाले.

चाचांनी डोळे उघडले. समोर स्वयंपाकघर होतं तिथं बसस्टँड होता. ते उठले, टोपी सारखी केली, आणि अण्णांच्या गळ्यात पडले.

स्पर्धेचा आमचा प्रयोग दुपारचा होता. सकाळी सातला आम्ही थिएटरात शिरलो. दुसऱ्या संघांची मंडळी बघायला जमली होती. फोडी एकेक आत आल्या, अडकल्या, आणि पाऊण तासात गोल तयार झाला. मी अण्णांना समोर तिकीट काढून दिलं होतं. ते म्हणाले, "तिथं बसून मी काय करू? सांधे तर मागून दिसत्यात. मी मागंच थांबतो." मी आणि मंडपवाल्याकडून माझ्याकडं आलेला तो जुना माणूस ढकलणार होतो. आम्ही अण्णांनाही घेतलं, तिघांनी मिळून आतल्या बाजूनं, पडद्याआड, वाकून.

नाटक सुरू झालं. पंधराव्या मिनिटाला पहिली फेरी होती. नटीनं चुलीवरचं भांडं उतरवलं, पदराला हात पुसले, पिशवी उचलली आणि चालायला लागली. ते पिशवीचं उचलणं हीच आमची खूण. मी अण्णांच्या पाठीवर बोट टेकवलं आणि आम्ही ढकललं.

बोटं आधी, मग टाच. चूल गेली. अंगण आलं, तुळस आली, दोरीवरचे कपडे आले. ती चालत राहिली. अंगण गेलं. बाकडं आलं, फलाटाचा आकडा आला, आणि ती बाकड्यावर बसली. आम्ही थांबलो. कसलाही आवाज झाला नव्हता. समोरूनही आवाज नव्हता. इतकी शांतता की काहीतरी चुकलं असं वाटलं.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. नाटक चालू असताना, नटी एक शब्द न बोलता बाकड्यावर बसलेली असताना, टाळ्या. त्या थांबेनात. नटी मोठी हुशार, ती तशीच बसची वाट बघत बसून राहिली.

अण्णा वाकलेलेच होते. कुजबुजले, "कुणासाठी वाजवायलेत?"

"आपल्यासाठी, अण्णा."

त्यांनी मंचाच्या कडेवरचा हात काढला नाही. तसेच खाली बसले आणि उपरण्याचं टोक तोंडात धरून रडले, आवाज न करता. तेवढ्या वेळात ते आमच्यातलेच, मागचे, झाले होते.

त्या नाटकात मंच सहा वेळा फिरला. सहाही वेळा बरोबर थांबला. निकालाच्या दिवशी नेपथ्याचं पहिलं बक्षीस माझ्या नावानं पुकारलं तेव्हा मी चाचांना आणि अण्णांना दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. परीक्षकांपैकी एकानं विचारलं, यातले इंजिनीअर कोण? चाचांनी अण्णांकडं बोट दाखवलं, अण्णांनी चाचांकडं, आणि मग दोघांनी माझ्याकडं.

त्यानंतर आठवडाभरात मुंबईच्या एका निर्मात्यांचा फोन आला. त्यांच्या नव्या व्यावसायिक नाटकाला फिरता मंच हवा होता. "तुम्ही इकडं या," ते म्हणाले, "इथं सगळी सोय करून देतो."

"तुम्ही मापं पाठवा," मी म्हटलं. "मी इथं बनवून आणते."

त्यांनी मला परत एकदा गावाचं नाव विचारलं. मग म्हणाले, "तिकडं होईल?"

"इथंच होतं," मी म्हटलं.

त्यांनी मापं पाठवली. आज शेडमध्ये आम्ही नऊजण आहोत, त्यात चार मुली, एक अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापूरची, जिचा हात रंगावर असा बसलाय की मीही तिच्या कामाला बोट लावत नाही. आठवड्यातून एक दिवस मी विभागात नेपथ्य शिकवते. चाचांना आता वजन उचलवत नाही. ते खुर्चीवर बसून डोळे मिटतात आणि आवाज ऐकतात. मुंबईचा मंच तयार झाला त्या सकाळी त्यांनी चाकांना मंजुरी दिली, मुलींनी प्रत्येक फोडीच्या मागं आकडे घातले, आणि आम्ही माल ट्रकमध्ये चढवला. अण्णांनी शेवटची दोरी स्वतः आवळली. ड्रायव्हरनं विचारलं, "काय हाय ह्यात, फर्निचर?"

"नाटक हाय," अण्णा म्हणाले. "खड्डे बघून चालव."

मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, दार ओढून घेतलं, आणि आम्ही मुंबईच्या रस्त्याला लागलो.